वडिलांची धूम आणि साठ लिटर हवा

ढोलकीच्या धुमेवर थाप पडली की बाबा हात उचलत नसत. तळहाताची कड कातड्यावर टेकवून पुढं रेटत, आणि तो खोल आवाज त्या रेट्याबरोबर खालून वर चढत जाई. एका ठोक्यात एवढी चढण. आमच्या सावली गावच्या भजन मंडळात, आणि दिवाळी झाली की दंडारीच्या नाचगाण्यात, त्यांनी तीसेक वर्षं ढोलकी वाजवली. १९९४ च्या दिवाळीत कुणीतरी समोर टेपरेकॉर्डर ठेवून एका रात्रीची दंडार भरून घेतली होती. ती एकच कॅसेट आमच्याकडं राहिली. बाबा गेल्यावर दोन वर्षांनी मी ती मोबाइलमध्ये उतरवून घेतली आणि एका रात्री जेवणं आटोपल्यावर लावली. गाणाऱ्यांचे गळे ओळखू आले. मंजिरी होती, टुणटुणं होतं, मधेच कुणाचं तरी लेकरू रडत होतं. ढोलकीच्या शाईवरची टणक बोटंही स्वच्छ ऐकू येत होती. धूम मात्र नव्हती. बाबांचा उजवा हात वाजत होता आणि डावा हात गायब होता.

आईनं दोन मिनिटं ऐकलं आणि म्हणाली, "हे तुह्या बाबाचं वाजवनं नोहोय."

आवाजाचा आलेख दाखवणारं एक ॲप मोबाइलवर घेतलं आणि कॅसेटचा तोच तुकडा त्यातून पाहिला. धूम होती. प्रत्येक थापेसरशी ७५ हर्ट्झच्या आसपास एक टेकडी उभी राही आणि सरकत सरकत ११५ पर्यंत जाई. म्हणजे टेपेनं बाबांचा डावा हात जपून ठेवला होता, आमच्याकडंच तो ऐकायला काही नव्हतं. मोबाइलचा स्पीकर नखाएवढा. घरात मी जोडलेले दोन चार-इंची स्पीकर होते, तेही १२० च्या खाली गेले की दमत. खालचा सूर काढायला पुष्कळ हवा ढकलावी लागते. एक सप्तक खाली उतरायचं आणि आवाज तेवढाच ठेवायचा, तर स्पीकरच्या पडद्याला चौपट हलावं लागतं. चार इंची पडदा एवढा हलूच शकत नाही. मोठा वूफर हवा, आणि त्याला साजेशी पेटी हवी.

वूफर नागपूरला सीताबर्डीतून आणला, दहा इंची. पेटीचं मात्र दुकानातून आणण्यासारखं नव्हतं. ती ठरवावी लागते. आणि पेटी कशी करायची हे विचारायला गेलं की आमच्याकडं एकच उत्तर मिळतं: पाइपवाली कर, बेस जोरात येतो. ४४४० आयसीच्या बोर्डावर पहिला ॲम्प्लिफायर जोडणाऱ्या शाळकरी पोरापासून वरातीच्या गाडीवर भिंतीएवढे खोके रचणाऱ्या डीजेवाल्यापर्यंत सगळे हेच सांगतात. ते खोटं सांगत नाहीत. पण त्यांच्या 'जोरात'मध्ये माझ्या बाबांचा डावा हात बसतो का, हे मला बघायचं होतं.

पाइपच्या पेटीचं तत्त्व आमच्या भागातल्या कोणत्याही गुराख्याला माहीत आहे. वाळलेल्या भोपळ्याचा तुंबा रानात पाण्यासाठी नेतात. तो रिकामा झाला की त्याच्या तोंडावर तिरपी फुंकर मारायची, तो 'हूं' करतो. मोठ्या तुंब्याचा सूर खाली, लहानाचा वर. पोटातली हवा स्प्रिंगसारखी दबते आणि सुटते, मानेतली हवा वजनासारखी आत-बाहेर होते, आणि या दोघींच्या झुल्याचा एकच ठरलेला सूर असतो. हेल्महोल्ट्झ या जर्मन शास्त्रज्ञानं एकोणिसाव्या शतकात याचा हिशेब मांडला. अमेरिकेतल्या बेल प्रयोगशाळेच्या थुरास यांना १९३२ मध्ये असाच तुंबा लाउडस्पीकरच्या पेटीला जोडण्याचं पेटंट मिळालं. वूफरच्या पडद्याची मागची बाजूही हवा ढकलत असते, पण ती उलटी. ती तशीच पुढं आली तर पुढच्या आवाजाला मारते. पाइपमधून, ठरावीक सुराला, ती वळून सुलटी बाहेर पडते आणि पुढच्या आवाजात मिळते. वाया जाणारी अर्धी मेहनत कामाला येते. सुंदर कल्पना आहे ही, आणि मी ती वाचली तेव्हा पेटी पाइपचीच करायची असं मनाशी जवळजवळ ठरवून टाकलं होतं.

दुसरा मार्ग अगदी साधा. पेटी चारी बाजूंनी बंद करायची. मागचा आवाज आतच कोंडायचा आणि आतल्या हवेलाच पडद्याची स्प्रिंग करायचं. १९५४ मध्ये अमेरिकेत एडगर विल्चर आणि हेन्री क्लॉस यांनी असा लहानसा बंद स्पीकर बाजारात आणला, तोवर खोल आवाजासाठी कपाटाएवढी पेटी लागते अशीच समजूत होती. बंद पेटीचा आवाज खाली जाताना हळूहळू उतरतो, एका सप्तकाला १२ डेसिबल. पाइपची पेटी जास्त खोलपर्यंत टिकते, पण तिचा सूर संपला की कड्यावरून कोसळते, सप्तकाला २४.

आणखीही रचना आहेत. दोन कप्प्यांची पेटी असते, तिच्यातून एका पट्ट्यातलाच आवाज बाहेर येतो. ती मी लगेच बाजूला ठेवली. आणि भोंगा असतो, घडी घालून पेटीत बसवलेला. पॉल क्लिप्श यांनी १९४० च्या दशकात खोलीच्या कोपऱ्याच्या दोन भिंतींनाच भोंग्याचा भाग करून टाकलं. भोंग्याला जागा फार लागते: ४० हर्ट्झची लाट साडेआठ मीटरहून लांब, तिचा चौथा हिस्सा धरला तरी दोन मीटरची वाट पेटीत दुमडायला हवी. आमची खोली दहा बाय बारा फूट आहे.

वूफरबरोबर कसलाही कागद आला नव्हता. त्याचा स्वतःचा सूर किती, पडदा किती जड, त्याची लवचिकता किती लिटर हवेइतकी, हे कळल्याशिवाय पेटीचं माप काढणं म्हणजे अंगाचं माप न घेता सदरा शिवणं. हे मोजायची रीत दोन माणसांच्या नावानं चालते. नेव्हिल थील यांनी १९६१ मध्ये ऑस्ट्रेलियात पाइपच्या पेटीचं गणित मांडलं, आणि रिचर्ड स्मॉल यांनी सिडनीच्या विद्यापीठात काम करून सत्तरीच्या सुरुवातीला ते पूर्ण केलं. त्याआधी पेट्या बहुतेक अंदाजानं होत. आता एक मल्टिमीटर, एक रेझिस्टर आणि मोबाइलमधून निघणारा शुद्ध सूर, एवढ्यावर घरच्या घरी होतं.

एका रविवारी दुपारी वूफर उताणा करून पाटावर ठेवला. रेझिस्टर जोडून सूर सोडला आणि एकेक हर्ट्झ खाली येत गेलो. ३४ ला मीटरचा आकडा सगळ्यात वर गेला. हा पडद्याचा स्वतःचा सूर. आता पडद्यावर माहीत असलेलं वजन ठेवायचं आणि सूर किती उतरतो ते पाहायचं. मी खिशातली रुपयाची नाणी ठेवली, तर ती सरकून मधल्या टोपीकडं ओढली जायला लागली. ती पोलादाची, खाली वूफरचं मोठं चुंबक. चुंबकानं ओढलेलं वजन मोजमापात खोटं बोलतं. मग आठवलं, जुनं जाड पाच रुपयाचं नाणं तांबं-निकेलचं असायचं, त्याला चुंबक धरत नाही, आणि ते बरोबर ९ ग्रॅमचं. तशी चार आईच्या लक्ष्मीपूजनाच्या डबीत निघाली, हळदकुंकवानं माखलेली. ती ओल्या फडक्यानं पुसून टोपीभोवती चार दिशांना टेकवली. सूर ३४ वरून २६ वर आला.

नाणी पडद्यावर बारीक थरथरत होती. मी वाकून बघत होतो, आणि एकदम बाबांचे हात आठवले. दंडारीच्या आधी ते ढोलकी उतरवून बसत. शाईच्या पुडीला बाहेरून शाई असते, ती सगळ्यांना दिसते. धुमेच्या पुडीला मसाला आतून लावतात, तो दिसत नाही. पुडी पालथी घेऊन ते बोटानं मसाला पसरत, चढवून वाजवून बघत, पुन्हा उतरवत, चिमूटभर काढत किंवा वाढवत. मसाला वाढला की धूम खाली जाते. कातड्यावर वजन चढलं की त्याचा सूर उतरतो. माझ्या चार नाण्यांनी नेमकं तेच केलं होतं. बाबा दरवर्षी दिवाळीला थील-स्मॉलचं मोजमाप करत होते, नाव न घेता, आणि मी शेजारी बसून त्यांना मसाल्याची वाटी देत होतो.

हिशेब बसला. पडदा साधारण ५१ ग्रॅमचा, त्याची लवचिकता ७३ लिटर हवेइतकी, आणि पडद्याला आवरून धरण्याचा आकडा ०.३८. या आकड्याचा वूफर पाइपच्या पेटीला चांगला शोभतो. बंद पेटी करायची तर ३० लिटरची पुरेल, पण तिचा आवाज ६३ हर्ट्झलाच उतरायला लागेल. बंद पेटी ६० लिटरची केली तर उतार आणखी संथ होतो. पाइप लावला तर तीच ६० लिटरची पेटी चाळिशीच्या खाली सहज जाते. तेव्हा माप ६० लिटरचं ठरवलं. प्लंबिंगच्या दुकानातून ११० मिलिमीटरचा सांडपाण्याचा पीव्हीसी पाइप आणला. ३८ हर्ट्झचा सूर हवा तर तो २२ सेंटीमीटर लांब ठेवायचा. ४० हवा असता तर १९ पुरला असता. तीन सेंटीमीटर कापले की तुंबा दोन हर्ट्झनं वर चढतो.

आमच्याकडं सुताराला वाढई म्हणतात. आमचे वाढईकाका सत्तरीच्या पुढचे, बैलगाडीचं चाक करणारे, आता खिडक्या-दारं करतात. त्यांना वाटलं, सागाशिवाय दुसरं काय. आणि का वाटू नये? आमच्या रानातला साग २०२३ मध्ये बल्लारपूरहून अयोध्येच्या राममंदिरासाठी गेला. पण अखंड लाकूड पावसाळ्यात फुगतं, उन्हाळ्यात आक्रसतं, आणि आमच्या गावात मे महिन्यात पंचेचाळीसच्या पुढं पारा जातो. सांध्यात केसाएवढी फट पडली की पेटी हवा धरत नाही, शिट्टी मारते. म्हणून १८ मिलिमीटरचं प्लायवुड घ्यायचं ठरवलं. काकांना ते रुचलं नाही, तरी ऐकलं. आतून चाळीस सेंटीमीटर लांब, तेवढीच रुंद, तेवढीच उंच. चौसष्ट लिटर होतात. वूफर, पाइप आणि आडवी फळी यांची जागा वजा केली की साठ उरतात. चौकोनी ठोकळा पेटीला वाईट, असं पुष्कळजण सांगतात, कारण तिन्ही बाजूंचे घुमारे एकावर एक येतात. पण चाळीस सेंटीमीटरमध्ये ते घुमारे चारशे हर्ट्झच्या वर उठतात, आणि माझ्या पेटीचं काम १२० ला संपतं. इतक्या खालच्या आवाजाला पेटीचा आकार कळत नाही, पोटातल्या हवेचं मापच तेवढं कळतं. काकांना चौकोन आवडला. गुण्यात बसतो, म्हणाले.

मागच्या फळीचे स्क्रू आवळताना त्यांनी विचारलं, "गुर्जी, पेटी अख्खी बंद केली त आवाज निंगल कोठून जी?" मी पाइपचं भोक दाखवलं. त्यांचं समाधान झालं. माझंही, त्या दिवशी.

पहिल्या रात्री पेटी कोपऱ्यात ठेवली, कॅसेट लावली, आणि मी घाबरलो. सगळी खोली एका 'घूं'नं भरून गेली. थाप पडे, तिचा आवाज भिंतीत शिरे आणि पुढची थाप यायच्या वेळेपर्यंत तिथंच लोळत राही. धूम आली होती, फार मोठी आली होती, पण ती चढत नव्हती. प्रत्येक थाप एकाच सुराची. बाबांचं मनगट कुठंच नव्हतं.

दोन दिवस मी पेटीला दोष देत राहिलो. मग खोली मोजली. आमचं जुनं घर मातीचं आणि कवेलूचं होतं. त्या घरात आवाज थांबत नसे. कवेलूंच्या फटींतून, आड्याखालून बाहेर निघून जाई. बाबांची ढोलकी मी लहानपणी त्या घरात ऐकली. आता तिथं सिमेंटच्या भिंती आहेत, वर स्लॅब आहे. बारा फुटांच्या दोन भिंतींमध्ये अर्धी लाट बसते ती ४७ हर्ट्झची. खोलीचा तो स्वतःचा सूर. दहा फुटांच्या बाजूचा ५७, उंचीचा साठच्या आसपास. आणि कॅसेटमध्ये लायटीची घूं उतरलेली, आपली वीज ५० हर्ट्झची. माझा पाइप ३८ पासून वर सगळं भरभरून देत होता: विजेची घूं, फळ्यांच्या मंचावर नाचणाऱ्यांच्या पायांचा धबधबा, माइकला लागलेला वारा. खोली ते सगळं उचलून आपल्या ४७ मध्ये ओतत होती. धूम ७५ ते ११५ च्या मध्ये होती, जशीच्या तशी, फक्त या चिखलाखाली बुडालेली.

पाइपच्या पेटीचा यात काय अपराध? दिवाळीनंतर धान निघालेल्या बांधीत झाडीपट्टीच्या नाटकाचा मंडप पडतो तेव्हा तिथं भिंत नसते, छत नसतं. वडशाच्या कंपन्यांची नाटकं रात्री दहाला सुरू होऊन तांबडं फुटेपर्यंत चालतात, दिवसा कुठं बैलांचा शंकरपट असतो, आणि थंडीत घोंगड्या पांघरून शेकडो माणसं धसकटांवर बसलेली असतात. याच रंगभूमीच्या परशुराम खुणे यांना २०२३ मध्ये पद्मश्री मिळाली, तेव्हा आमच्या भागात घरचं कार्य असल्यासारखा आनंद होता. तशा उघड्या रानात आवाज गेला की गेला, परत काही येत नाही. तिथं पाइप हवा, भोंगाही हवा. तीच पेटी उचलून स्लॅबच्या दहा बाय बारामध्ये आणली की ती दुसरीच वस्तू होते. डीजेवाले जे सांगत होते ते रस्त्यावर उभं राहून सांगत होते.

रस्त्यावरही ते कुणाच्या तरी घरात शिरतंच. मी वर्गात मुलांना ध्वनिप्रदूषणाचे २००० सालचे नियम शिकवतो: वस्तीत दिवसा ५५ डेसिबल, रात्री ४५, आणि रात्री दहा ते सकाळी सहा भोंगा बंद. पण ज्या मापानं ते डेसिबल मोजतात ते माणसाच्या कानाच्या चढउतारावर बसवलेलं आहे, आणि ५० हर्ट्झच्या आवाजातून ते तीस डेसिबल वजा करून टाकतं. वरात जाताना खिडकीची तावदानं थरथरतात, खाटेवरच्या म्हाताऱ्याची छाती धडधडते, आणि मीटर त्या खालच्या आवाजाला फारसं मोजतच नाही. माझ्या मते हा नियमातला मोठा दोष आहे. पेटी बांधायला घेतल्यापासून मला तो जास्त टोचतो, कारण आता मला माहीत आहे की एवढा आवाज खाली उतरवायला किती मुद्दाम मेहनत करावी लागते.

खालच्या आवाजाची दिशा कळत नाही, हेही मला आधी वेगळ्या वाटेनं कळलं होतं. आमची सावलीची रेंज ब्रह्मपुरी वनविभागात येते. इथं वाघ शेताच्या धुऱ्यापर्यंत येतो, आणि माणसं गमावलेली घरं आम्हाला सगळ्यांना माहीत आहेत. जागलीवर जाणारी माणसं सांगतात, वाघ जवळ असला की आवाज कुठून येतो ते कळत नाही, चारी बाजूंनी आल्यासारखा वाटतो. दोन कानांमध्ये वीतभर अंतर, आणि लाट कित्येक हात लांब. कानांना तिची डावी-उजवी बाजू लावता येत नाही. म्हणूनच घरात सबवूफर एक पुरतो आणि कुठंही ठेवता येतो. पण कुठंही ठेवला तर कसाही वाजतो.

तिसऱ्या दिवशी मी उलटं केलं. पेटी उचलून आईच्या बाजेवर ठेवली, जिथं बसून ती ऐकते नेमकी तिथं, आणि कॅसेट लावून गुडघ्यांवर खोलीभर रांगत फिरलो, कान जमिनीपासून हातभर उंचीवर. कोपऱ्यात घूं दाटून आलेली. लांब भिंतीच्या मधोमध मात्र ती अचानक पातळ झाली; ४७ ची लाट तिथं शून्य होते. ती जागा खडूनं आखली आणि पेटी तिथं नेली. निम्मं दुखणं गेलं. चढण अजून दिसेना.

बाबांचा खादीचा दुपट्टा खुंटीवर असतो. तो काढला, गुंडाळला आणि पाइपच्या तोंडात घट्ट बसवला. हे काही ठरवून केलं नव्हतं. हाताशी दुसरं फडकं नव्हतं, आणि पाइप बुजवला की साठ लिटरची तीच पेटी बंद पेटी होते एवढं गणित डोक्यात होतं. कॅसेट पुन्हा लावली.

थाप पडली, चढली, थांबली.

थांबली म्हणून पुढची ऐकू आली. बंद पेटीत पन्नाशीचा आवाज पाच डेसिबलनं उतरला, त्याखालचा आणखी उतरला, आणि जेवढा उतरला त्यातला थोडा खोलीनं स्वतःच भरून दिला. पडदा आतल्या हवेनं मुठीत धरल्यासारखा राहिला, सोडला की जागेवर येऊन उभा. खोलीपणा कमी झाला, हे खरं आहे. नव्या गाण्यांतला तो पोटात शिरणारा दणका आता या पेटीतून येत नाही, माझा भाचा आला की त्याबद्दल कुरकुर करतो. मी चाळिशीतलं अर्धं सप्तक सोडून दिलं. धुमेला ते लागतच नव्हतं. तिला लागत होती मोकळी जागा, म्हणजे मनगट सरकेल तेव्हा सूर कुठल्या कुठं गेला ते कळेल.

नंतर दुपट्टा काढून खुंटीला परत लावला आणि त्याच प्लंबिंगच्या दुकानातून ११० चं झाकण आणलं. ते पाइपावर घट्ट बसतं. अंगणात पोरांना गणपतीत गाणी लावायची असतील तेव्हा काढता येतं. पेटीत जुन्या गादीचा कापूस पिंजून सैल भरला. कापसामुळं आतली हवा दबताना तापत नाही, तिची स्प्रिंग मऊ होते, आणि पेटीला वाटतं आपण आहोत त्यापेक्षा मोठ्या आहोत. धाग्याधाग्यांत मोकळं राहील असा कापूस हवा. गोळे झाले की उपयोग नाही. समोर जाळीऐवजी कापड ताणायचं होतं. जाड पडद्याचं कापड वरचे आवाज खातं, पण ही पेटी वर जातच नाही, तिला काहीही चाललं असतं. तरी मी हातविणीची विरळ खादी घेतली. १९३६ मध्ये गांधी सेवा संघाचं अधिवेशन सावलीत भरलं आणि गांधीजी त्यासाठी इथं आले. मूल-गडचिरोली रस्त्यावरचं धान पिकवणारं हे गाव तेव्हा खादीसाठी ओळखलं जायचं. आजोबा सांगत, तेव्हा गावात किती चरखे होते. मी आणलेली खादी उजेडासमोर धरली की तिच्या विणीतून खिडकीचे गज दिसत होते. हवेला जायला एवढी वाट पुरते.

वाढईकाका बघायला आले तेव्हा पेटी वाजत होती. त्यांनी झाकणाला हात लावला, मग खादीला, मग मागच्या फळीला कान टेकवला. "बंदच आहे की जी," म्हणाले, आणि बसून राहिले. त्यांनी बाबांची दंडार पाहिली होती. तोंडानं ते धुमेचे बोल पुटपुटायला लागले आणि प्रत्येक चढणीला त्यांचा डावा हात मांडीवर पुढं सरकत होता.

आईला मी मुद्दाम काही सांगितलं नाही. संध्याकाळी ती बाजेवर तांदूळ निवडत होती, तेव्हा हळू आवाजात लावली. ती निवडतच राहिली. चौदाव्या मिनिटाला एका ठिकाणी बाबांनी थाप मारून हात कातड्यावर तसाच दाबून धरला आहे आणि सगळं वाजवणं क्षणभर थांबलं आहे. पाइप उघडा होता तेव्हा ही जागा घूंनं भरलेली असायची, मी ती कधी ऐकलीच नव्हती. आता तिथं लांबचं कुत्रं भुंकतं, कुणीतरी खाकरतं, आणि लोटा जमिनीवर टेकल्याचा बारीक आवाज येतो.

आईचा हात सुपात थांबला.

"मांगं घे," ती म्हणाली. मी मागं घेतलं. पुन्हा थाप, पुन्हा ते कुत्रं, पुन्हा लोटा.

"तो लोटा मीच नेऊन देल्ला होता," आई म्हणाली. "लय तहान लागली होती त्याहिले."